बाइंडरबाईंच्या सकाळी

आमच्या वाचनालयात जिन्याखाली एक खोली आहे. तिचं दार इतकं बुटकं, की जरा उंच माणसाला मान लववूनच आत शिरावं लागतं. "बरंय की," बाइंडरबाई म्हणायच्या, "मोठेमोठे साहेबसुद्धा माझ्याकडे येताना वाकून येतात." एकतीस वर्षं त्या खोलीत बसून बाईंनी आमची फाटकी पुस्तकं जोडली. मी बाहेर पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर असते. माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'देवघेव' अशीच हाक मारली. "काय गं देवघेव, आज किती जखमी आणलेस?" असं विचारत त्या माझ्या हातातला गठ्ठा उतरवून घ्यायच्या.

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. पुस्तक उलगडून त्याचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, पाठीवरची जुनी खळ खरवडायची, आरीनं भोकं पाडायची आणि मग मेण लावलेल्या दोऱ्यानं एकेक फर्मा शिवत जायचं. बाई बोलता बोलता शिवायच्या, हाताकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "टाका घट्ट हवा," त्या सांगायच्या, "पण कागदाला त्याचा पत्ता लागता कामा नये."

गेल्या दोन वर्षांत परत आलेल्या पुस्तकांचे टाके सैल पडू लागले होते. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण बोलणार कोण? मी आपली ती पुस्तकं गुपचूप बाजूला ठेवत होते.

मग एकदा पुस्तकमोजणीसाठी मी सकाळी साडेसातलाच आले. वाचनालय उघडतं दहाला. आत चहा करायच्या कोपऱ्यात दिवा दिसला म्हणून डोकावले, तर बाई मोरीपाशी उभ्या. पुढ्यात पत्र्याचं घमेलं, त्यात वाफाळतं पाणी, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवलेले. डोळे मिटलेले होते.

"बाई, काय करताय?"

"दिसत नाही? भांडी घासतेय."

घमेल्यात एकही भांडं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले तशा त्या म्हणाल्या, "अगं, सकाळी ही बोटं माझी नसतात. दहापर्यंत थोडी माझी होतात. म्हणून लवकर येते. घरी एवढा वेळ पाण्यात हात घालून उभी राहिले, तर ह्यांच्या डोळ्यांवर येईल."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाले, वय झालं. ते तर आरसाही सांगतो, आणि बसायला नंबर लावावा लागत नाही."

मी त्यांना हसू दिलं नाही. त्यांचा उजवा हात पाण्यातून काढून माझ्या हातात घेतला. बोटांच्या मुळाशी गाठी टरारून आल्या होत्या, कातडी ताणून चकचकीत झाली होती. मी नुसता अंगठा टेकवला तर त्यांनी श्वास आत ओढला. इतकी वर्षं ज्या हातांकडे आम्ही सगळे बघत आलो, ते मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट बघितले.

त्यांच्या यजमानांना मीच सांगितलं. ते बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. बाई त्यांना तोंडावर 'अहो' म्हणायच्या आणि पाठीमागे 'ड्रायव्हरसाहेब'. त्यांना सांगितल्याबद्दल बाई माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "झालं तुझ्या मनासारखं. रक्त काढलं. आता मोठ्या डॉक्टरकडे जायचंय. फक्त सांध्यांचीच डॉक्टर आहे म्हणे ती. माणसाला सांधेच नसते तर बाईनं केलं काय असतं?"

तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. त्याआधी दवाखान्याकडून चार पानी फॉर्म आला आणि सोबत सूचनांचा कागद. सगळी औषधं मूळ पाकिटांसकट आणा. जुने रिपोर्ट आणा. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात ते दोन आठवडे रोज लिहून ठेवा. सूज जास्त असेल त्या दिवशी फोटो काढा, कारण तपासणीच्या दिवशी ती असेलच असं नाही. सैल बाह्यांचे कपडे घाला. नखांना रंग नको.

"नखांना रंग!" बाईंनी हात पुढे केले. नखांच्या कडांना खळ वाळून बसली होती. "हा चालेल का विचार."

फोटो मी काढले, वाचनकक्षातल्या टेबलावर पांढरा कागद अंथरून. बाई हात ठेवून ताठ बसल्या होत्या. "हसायचं का?" त्यांनी विचारलं.

रोजच्या नोंदी ड्रायव्हरसाहेबांनी आपल्याकडे घेतल्या. आयुष्यभर त्यांनी फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या, त्यामुळे वही त्याच थाटाची झाली. पहिल्या आठवड्यातलं एक पान मला पाठ आहे. 'मंगळवार. उठणे ५.५०. उजवा हात सुटला ७.४०. डावा हात ८.०५. डावी करंगळी अजून डेपोतच.' बाईंनी ते वाचलं आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसायला रुमाल काढू लागल्या, तर तो खिशातून निघेना. ड्रायव्हरसाहेब उठले, त्यांनी रुमाल काढून दिला, आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

फॉर्म आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीत भरायचो. त्या सांगणार, मी लिहिणार. एका पानावर रोजच्या कामांची यादी होती. नळ बंद करणं, बटण लावणं, डब्याचं झाकण उघडणं, केस विंचरणं. प्रत्येकापुढे चार चौकोन, 'सहज जमतं'पासून 'अजिबात जमत नाही'पर्यंत.

"नळ?"

"सहज."

"बटण?"

"सहज."

"झाकण?"

"सहज. लिही गं, एवढं काय बघतेस?"

ड्रायव्हरसाहेब त्या दिवशी डबा घेऊन आले होते. ते कोपऱ्यातून म्हणाले, "अगं, आज सकाळी निघताना तुझ्या स्वेटरची बटणं कोणी लावली?"

"तुम्ही जवळ होतात म्हणून."

"मी गेला महिनाभर जवळच आहे."

बाईंनी स्वेटरचं वरचं बटण चाचपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवघेव, शाळेत मी कधी नापास झाले नाही. आता या वयात, आपल्याच हातानं, सगळ्या विषयांत नापास म्हणून खूण करायची? आणि हा कागद उद्या ऑफिसात गेला तर? माझी खोली काढून घेतील."

"हा कागद ऑफिसात जात नाही, बाई. फक्त त्या डॉक्टरकडे जातो. आणि तिच्याकडे तुम्ही पास होऊन गेलात तर ती तुम्हाला घरीच पाठवेल."

त्यांनी बराच विचार केला. मग खोडरबर माझ्या पुढ्यात सरकवला. केस विंचरण्यापाशी आलो तेव्हा त्यांनी शेवटच्या चौकोनावर स्वतःच बोट टेकवलं.

मग आला घरच्यांविषयीचा प्रश्न. आईवडील, भावंडं, यांच्यापैकी कुणाला संधिवात होता का? कोणत्या वयात सुरू झाला?

"कुणाला नाही," बाई म्हणाल्या.

"आईला?"

"आई मी एकोणीस वर्षांची असताना गेली. हृदयानं. तिला कसला संधिवात." आरीची मूठ उगाच फिरवत राहिल्या. "थांब हं. तिचे हात..." त्यांनी डोळे बारीक केले. "देवघेव, मला आईचे हात आठवत नाहीत."

मी लिहिणं थांबवलं.

"चेहरा आठवतो. आवाज तर आत्ता मागून हाक मारली तरी ओळखेन. कानामागचा तीळ आठवतो. पण हात... ती सदानकदा शाल घेऊन बसायची. उन्हाळ्यातही. हात शालीत." मग खाली बघून त्या सावकाश बोलू लागल्या. "लहानपणी रोज सकाळी ती माझी वेणी घालायची. मी आठ वर्षांची झाले आणि एके दिवशी म्हणाली, आता ताईकडून घालून घे. का, ते सांगितलं नाही. मी रडले, पाय आपटले. ती समोरच्या खुर्चीवर बसून नुसती बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं, म्हणून आई मला हात लावत नाही. मग वाटलं, मी तिची नावडती आहे. ते जे वाटलं ना, ते कधी गेलंच नाही."

"ताईंना विचारा ना."

हे मी चटकन बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. ताईंबद्दल आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या बाईंपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, दूरच्या शहरात मुलाकडे राहणाऱ्या. वडील गेले तेव्हा घर आवरताना ताईंनी आईचं शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं, बाईंना न विचारता. त्यावरून फोनवर भांडण झालं, आणि त्यात ताई म्हणाल्या, "तू आईला ओळखलंसच कुठे?" बाईंनी फोन ठेवला, तो अकरा वर्षं ठेवलेलाच होता. भाच्याकडून खुशाली कळायची तेवढीच.

बाईंनी फॉर्म मिटला. "तो प्रश्न राहू दे कोरा."

पण तो प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या काळात मी दुपारी आत डोकावले की सुई हातात तशीच असायची आणि बाई भिंतीकडे बघत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "आईचा एक तरी फोटो असेल की नाही हात दिसणारा? घरी होते नव्हते ते सगळे पाहिले. कुठे मी मांडीवर, कुठे शाल, कुठे कुणाची तरी पाठ आड." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी माझ्या हातांकडे बघून अंदाज करते, तिचे कसे असतील. तिची बोटं लांब असणार. शिवणारीची होती ना."

तारखेला चार दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं आणि फोन टेबलावर ठेवला. "नंबर दाब. माझी बोटं घसरतात." बोटं घसरत होती हे खरं, पण नंबर फोनमध्ये साठवलेला होता. मी काही न बोलता तो लावला आणि आवाज मोठा केला, कारण फोन कानाशी धरून ठेवणं त्यांना जमत नसे. मी उठायला लागले तर त्यांनी मानेनंच 'बस' म्हटलं.

"कोण?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"चिंगी."

मग ताईंनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही गं! फॉर्म भरतेय."

"कसला फॉर्म?"

"दवाखान्याचा. त्यात विचारलंय, आईला संधिवात होता का म्हणून."

"अकरा वर्षांनी फोन केलास तो हे विचारायला?" ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "का? तुला काय झालंय?"

"हात."

त्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "अगं बाई." मग त्या सांगू लागल्या. आईला होताच. पस्तिशीत सुरू झाला. आधी बोटं, मग मनगटं. वर्षभरात शिवणकाम सुटलं. कुणी म्हणे वारा लागला, कुणी म्हणे अशक्तपणा. कुठलंसं तेल चोळायची, त्यानं काही व्हायचं नाही. बरणी कोपरानं दाबून दातांनी उघडायची. "तुला सांगायचं नाही अशी शपथच घातली होती मला. म्हणायची, ती लहान आहे, घाबरेल. तिला वाटेल आई मोडली."

"मला वाटलं, मी नावडती आहे," बाई म्हणाल्या.

"वेडी का खुळी तू?" ताई जवळजवळ ओरडल्याच. "ऐक. एकदा दुपारी तू झोपली होतीस. केस धुऊन, मोकळे सोडून. मी बाहेरून आले तर आई तुझ्या उशाशी बसून तुझी वेणी घालत होती. एकेक पेड मनगटानं दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी वळवायची. तासभर लागला असेल. मी दारातच उभी राहिले. झाली वेणी. वाकडीतिकडी, सैल. तिनं जरा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि तू उठायच्या आत सगळी सोडवून टाकली."

बाईंचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले होते. नुसत्या त्या फोनकडे वाकून बसल्या होत्या.

"चिंगे? आहेस का?"

"आहे."

"मला आईचं नाक आलं, आईचा राग आला. गुडघे आहेत दुखरे, पण बोटं अजून खुटखुटीत. हात तुझ्याकडे गेले म्हणायचे." मग म्हणाल्या, "आणि त्या यंत्राचं माझं चुकलंच. विचारायला हवं होतं तुला. ऐकतेस ना?"

"ऐकतेय. लिहून घेतेय. पस्तिशीत म्हणालीस ना?"

लिहीत होते मी.

तपासणीला बाई, ड्रायव्हरसाहेब आणि मी असे तिघे गेलो. बाईंनी सैल बाह्यांचा कुडता घातला होता आणि कागद एका नव्या पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये लावले होते. ती फाईल त्यांनी स्वतः बांधली होती. त्यासाठी तीन दिवस लागले, असं ड्रायव्हरसाहेब मला जिन्यात हळूच म्हणाले.

डॉक्टर तिशी-पस्तिशीची असेल. तिनं पहिली पाच मिनिटं नुसतं वाचलं. करंगळी डेपोत आहे तिथे तिला हसू फुटलं, मग ती परत गंभीर झाली आणि वहीची सगळी पानं पाहिली. फोटो पाहिले. त्यानंतर तिनं बाईंचे हात हातात घेतले आणि एकेक सांधा दाबत गेली. बोटांच्या मुळांचे, मधले, मनगटांचे. दुखलं की सांगा, म्हणाली. बाई प्रत्येक वेळी खरं सांगत होत्या.

"आईला होता असं लिहिलंय. त्यांच्यावर काय उपचार झाले?"

"शाल," बाई म्हणाल्या.

डॉक्टरला कळलं नाही. मग बाईंनी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, रक्ताचे रिपोर्ट, नोंदी, सगळं एकाच दिशेनं बोट दाखवतंय. ही वयाची झीज नाही, सांध्यांना आतून सूज आणणारा संधिवात आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देते, सोबत दुसऱ्या दोन, अधूनमधून रक्त तपासायचं. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. वाकलेलं बोट सरळ होईल असं वचन देत नाही, पण बाकीची वाकू नयेत म्हणून पुष्कळ करता येतं.

बाई उठता उठता थांबल्या. "आणि आई आज असती तर?"

डॉक्टर म्हणाली, "वेळेवर आल्या असत्या तर त्यांच्यासाठीही करता आलं असतं."

इमारतीच्या पायऱ्यांवर येईपर्यंत बाई ठीक होत्या. तिथे त्या खाली बसल्या आणि भर रहदारीत, माणसं वळून बघत असताना, मोठ्यानं रडल्या. ड्रायव्हरसाहेब त्यांच्या खालच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसले, कुणी बघू नये अशा बेतानं. "माझ्यासाठी नाही हो," बाई म्हणत होत्या. "एक गोळी. आठवड्याला एक गोळी, अहो."

गोळ्या लागू पडल्या. पहिला महिना मळमळण्यात गेला. तिसऱ्यात सूज ओसरली. ड्रायव्हरसाहेबांच्या वहीतल्या सगळ्या फेऱ्या लवकर सुटू लागल्या. उजवं मधलं बोट वाकलं ते वाकलंच, आणि जाडजूड ग्रंथ आता बाहेरच्या कारखान्यात जातात. बारीक पुस्तकं मात्र बाईंनी आणखी दीड वर्ष, निवृत्त होईपर्यंत, शिवली. टाका पूर्वीसारखा नव्हता. तो त्यांना रोज दिसायचा, आणि एखादं जुनं, आपल्याच हातचं पुस्तक दुरुस्तीला आलं की त्या ते उघडून शिवणीवरून बोट फिरवत बसायच्या, परक्या कुणाचं काम बघावं तसं.

ताई हिवाळ्यात बारा दिवस येऊन राहिल्या. मी भेटायला गेले तेव्हा आईचे केस कुरळे होते की सरळ, यावर दोघी हमरीतुमरीवर आल्या होत्या. ड्रायव्हरसाहेब मला दारातच म्हणाले, "भांडण थांबायची वाट बघू नका, मध्ये स्टॉप नाही."

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या घरी गेले होते. बाई नुकत्याच तपासणीहून आल्या होत्या. डॉक्टर खूश होती, औषध थोडं कमी करून बघू म्हणाली होती. सकाळी हात आखडतात ते आता जेमतेम दहा मिनिटं. मी म्हटलं, "बाई, पेढे हवेत!" त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

ड्रायव्हरसाहेब चहा टाकायला आत गेले तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. मध्यंतरी अर्धा तास लागायचा ना, तेव्हा मी उठायची घाईच करायची नाही. हात छातीवर ठेवून पडून राहायची. बोटं हलत नसायची, तेव्हा वाटायचं, अशीच होती आई. अशीच पडून राहत असेल, मी उठायच्या आधी. तेवढा वेळ मी तिच्यापाशी असायची."

आत कपबशा वाजल्या.

"बरं होतंय ते चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "पण दहा मिनिटांत काय बोलून होणार गं?"